मुखवटेवाल्याचा निरोप

नाटकं डोंगराच्या उतारावर, उघड्या आभाळाखाली होत, त्या फार जुन्या काळी ग्रीस देशातल्या एका बेटावर एक मुखवटेवाला राहत होता. मातीच्या साच्यावर खळीत भिजवलेल्या चिंध्या चिकटवून तो नाटकातल्या राजाराण्यांचे चेहरे करी. बायको वारली होती. घरात तो आणि त्याची छोटी लेक.

एकदा देवळातल्या पुजारिणीने भविष्य सांगितलं, "तुझी लेक समुद्रापार जाईल आणि परत येणार नाही."

मुखवटेवाला घाबरला. त्याने बंदराजवळचं घर सोडलं आणि वर डोंगरावर, नाट्यगृहाला लागून नवं बांधलं. लेकीला होडीत पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाही. ती वर्षं मोठी गोड गेली. लेक चिंध्या भिजवी, बाप चिकटवी. वाळत घातलेला मुखवटा चढवून ती शेळ्यांना घाबरवी आणि दोघं पोट धरून हसत.

पण नाट्यगृह शेजारीच! लेक मोठी झाली, आणि एका वर्षी वसंतातल्या उत्सवासाठी दूरच्या बेटावरून एक बासरीवाला आला. तालमीत घसा कोरडा पडला, म्हणून पाणी मागायला सगळ्यात जवळच्या घरात शिरला. ते घर मुखवटेवाल्याचं होतं.

उत्सवाआधीच लेक म्हणाली, "बाबा, मला याच्याशी लग्न करायचंय. उत्सव झाला की आम्ही त्याच्या बेटावर जाऊ."

"खुशाल जा. बंदरावर मी काही येणार नाही."

"रागावलात?"

"मी कशाला रागावू? मला काम आहे."

काम खरंच होतं. नाटकातल्या रागीट राजाचा मुखवटा करायचा होता. तो न्यायला आलेला जाडा नट म्हणाला, "गड्या, हे काय केलंस? डावी भुवई चढलेली आणि उजवा डोळा रडवेला! राजाची दाढ दुखतेय की काय?"

लेक हसली. मग तिने मुखवटा नीट पाहिला आणि हसायची थांबली.

"बाबा, हे तुम्हीच आहात."

बापाने मुखवटा पालथा ठेवला. ज्या भविष्यापासून पळालो, त्याच्याच वाटेवर आपण घर बांधलं, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याला देवांचा राग आला होता, बासरीवाल्याचा, लेकीचाही. आणि तिच्या डोळ्यांतला आनंद पाहून बरंही वाटत होतं.

उत्सव संपला. जहाज दुसऱ्या सकाळी सुटणार होतं. सकाळ झाली तेव्हा बासरीवाला आधीच बंदरावर गेला होता. लेक बोचकं घेऊन उंबऱ्यावर जरा वेळ थांबली. बाप खाली मान घालून खळ ढवळत राहिला. मग ती एकटीच उतार उतरू लागली.

अर्ध्या वाटेत मागून धापा ऐकू आल्या.

"मला राग आलाय तुझा," बाप म्हणाला. "जाऊ नकोस, असं वाटतंय. आणि जातेस तर सुखात राहा, असंही वाटतंय. यातलं काहीच खोटं नाही."

"माझंही तसंच झालंय, बाबा. जायचंय, आणि पाऊल उचलत नाही."

त्याने तिचा हात धरला आणि दोघं बंदरावर गेली. जहाजावर चढताना हात सुटेना. बापाच्या हाताची खळ वाळून दोघांचे तळवे चिकटले होते! दोघंही रडता रडता हसली.

पुजारिणीचं भविष्य खरं ठरलं. लेक परत आली नाही. जहाजांबरोबर तिच्या खुशालीचे निरोप तेवढे येत.

मुखवटेवाला खूप म्हातारा झाला. शेजारची मुलं विचारत, "आजोबा, तिची आठवण आली की वाईट वाटतं?"

"वाटतं की रे! पण त्या दिवशी घरात बसून राहिलो असतो ना, तर आठवण काढायलासुद्धा भ्यालो असतो."

तात्पर्य: घडणारं टळत नाही, पण आपल्या माणसाला निरोप रुसून द्यायचा की मन उघडं करून, ते आपल्या हातात असतं.