हरभऱ्याचं तीर्थ

वेणूनाथ महाराजांचा मुक्काम बोरगव्हाणात होता. पौषातल्या कडाक्याच्या थंडीतही महाराज पहाटे शिवारातून फेरी मारत. सोबत देवळाचे पुजारी गुंडोपंत असत. पंतांचं सोवळं मोठं कडक! गोरगरिबांना तीर्थ देताना पळी हातभर उंच धरायचे. निम्मं तीर्थ मातीत जाई, पण पंतांना त्याचं काही नव्हतं.

एका पहाटे गावातली गरीब ठकूबाई आपल्या शेतात हरभऱ्यावर पसरलेलं फडकं गाडग्यात पिळत होती. हरभऱ्याच्या पानांवरचं ते आंबट दव, त्याला आंब म्हणतात. पोटदुखीवर ती ते साऱ्या गावाला फुकट देई. महाराजांना पाहून तिने गाडगं पुढे केलं.

"महाराज, देवाचं तीर्थ हाय. घोटभर घ्या."

"तीर्थ देवळात असतं! चिंध्या पिळून महाराजांना पाजतेस?" असं म्हणून पंतांनी काठीने गाडगं उलथवलं. महाराज वाकले, एका पानावरचं दव बोटाने टिपून त्यांनी डोळ्यांना लावलं आणि पुढे निघाले.

दुपारी पंतांची नात यमू पोट धरून गडबडा लोळू लागली. वैद्यांचा काढाही पोटात ठरेना. "आता आंब मिळाली तरच आशा," वैद्य म्हणाले. पोरीला खांद्यावर टाकून पंत ठकूबाईच्या शेतावर धावले.

"भटजीबाबा, असती तर न्हाई म्हनले असते का हो? थेंब न्हाई गाडग्यात," म्हणत ठकूबाई रडायलाच लागली. गाडगं कुणी सांडलं होतं?

महाराज बांधावरच बसले होते. "पंत, तुमचं उपरणं पसरा हरभऱ्यावर आणि मागा देवाजवळ."

"या उन्हात? दव केव्हाच वाळलं, महाराज!"

"दव वाळलं. देणारा वाळला का?"

पंतांनी सोवळ्याचं उपरणं पसरलं आणि मातीत गुडघे टेकले. "देवा, पाप माझं आहे. लेकराला शिक्षा नको रे!" उपरणं उचललं, तो काय नवल! ओलंचिंब! ठकूबाईने ते यमूच्या तोंडात पिळलं. घटकाभरात पोर उठून बसली. "आजोबा, किती आंबट!" म्हणाली.

पंत महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराज म्हणाले, "इथे नाही. जिचं तीर्थ सांडलंत, तिच्यापुढे वाका." पंतांनी तिच्यापुढे डोकं टेकलं. "पाप लागंल मला!" म्हणत ती माउली मागे सरली.

दुसऱ्या दिवशी देवळात ठकूबाईने रोजच्यासारखी पायरीखालूनच, अंग चोरून ओंजळ धरली. ते पाहून पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पायऱ्या उतरून आले, पळी तिच्या ओंजळीला टेकवली. थेंबही सांडला नाही. मान मात्र त्यांना वर करता आली नाही.