उंबरठ्यावर अडलेले इंग्रजी

एकदा एका धान्याच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला घेतले. नाव यमुनाक्का. हौस म्हणून नव्हे हो, या वयात कसली आली हौस! त्यांचा एकुलता एक मुलगा सुहास नोकरीनिमित्त शिलाँगला गेला आणि तिथल्याच इबान नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरले. मुलीला मराठीचा गंध नाही, सासूला खासी भाषेचा नाही. दोघींमध्ये उरले इंग्रजी, आणि अक्कांची शाळा तर चौथीतच सुटलेली.

गावात एक वृद्ध गुरुजी होते. निवृत्त होऊन फार काळ लोटला होता, तरी इंग्रजी शिकणाऱ्यांची त्यांच्या ओसरीवर सदैव वर्दळ असे. अक्का रोज दुपारी दुकान बंद करून तिथे जाऊ लागल्या. बुद्धी तल्लख, यात शंका नाही. पण बाईंच्या शंका म्हणजे डाळीतले खडे, एक वेचावा तर दुसरा हजर!

“गुरुजी, सकाळला ‘इन’ लागतं, संध्याकाळला ‘इन’ लागतं, मग रात्रीनं काय घोडं मारलंय म्हणून तिला ‘ॲट’?”

“‘सी’ म्हणजे पाहणं, ‘लुक’ म्हणजे पाहणं, ‘वॉच’ म्हणजेही पाहणंच. माणसाला डोळे दोनच की हो!”

“आणि ‘अ’ कुठं, ‘द’ कुठं, हे एकदाच काय ते सांगून टाका.”

गुरुजी प्रत्येक शंकेचे शांतपणे निरसन करीत. अक्कांना सगळे पाठ होई. मात्र एक अख्खे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नाही. आधी ते मनात तपासायचे, मग पुन्हा तपासायचे, तोवर समोरचा माणूस उठून जायचा.

लग्न मुलीच्या माहेरीच झाले. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे अक्कांना जाता आले नाही. लग्नानंतर सुहासने फोन लावला आणि तो इबानकडे दिला. पलीकडून गोड आवाजात “हॅलो, मा” आले. अक्का फोन कानाला लावून उभ्या! कोणते वाक्य बरोबर, कोणते चूक, या विचारात घाम फुटला, पण शब्द फुटेना. असे प्रत्येक फोनला होऊ लागले. शेवटी सुहासच म्हणाला, “आई, ती विचारते, तू तिच्यावर नाराज आहेस का?”

अक्का रडवेल्या होऊन गुरुजींकडे आल्या. “गुरुजी, ती दोघं आठवड्यात येतायत. सगळं व्याकरण उरकून टाका हो! नाहीतर सून माझी कायमची तुटायची.”

गुरुजी म्हणाले, “आजपासून तुझा वर्ग बंद. मला गुरुदक्षिणा मात्र हवी. सून येईल तेव्हा उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवशीलच. ते कसं ओलांडायचं, हे तिला कुणीही सांगायचं नाही. सुहासनंही नाही.”

अक्का चक्रावल्या. इंग्रजी कुठे, माप कुठे! म्हाताऱ्याला चळ लागला की काय, असेही मनात येऊन गेले. परंतु गुरूचा शब्द मोडवेना.

तो दिवस आला. दारात माणसे जमली, त्यांत गुरुजीही होते. नव्या सुनेने उजव्या पायाने माप लवंडावे, तांदूळ आत सांडावेत आणि त्यांच्याबरोबर लक्ष्मी घरात यावी, हा आपला रिवाज. इबान उंबरठ्याशी थबकली. सुहासने तोंड उघडले, तोच गुरुजींनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केले.

इबान खाली वाकली. तिने माप दोन्ही हातांनी उचलले, एक दाणाही सांडू न देता आत आली आणि ते अक्कांच्या ओंजळीत ठेवले.

“अगो बाई! पायानं गं, पायानं!” अक्कांच्या जाऊबाई ओरडल्या.

इबान घाबरली, मान खाली घालून उभी राहिली. पण अक्का! चुकून दाण्याला पाय लागला तर लगेच हात जोडणारी ती बाई. तिचे डोळे भरून आले. “कुणी काही बोलू नका तिला! अन्नाला पाय नाही लावला माझ्या पोरीनं. लक्ष्मी हातात आणून दिली की हो!”

तेव्हा गुरुजी म्हणाले, “अक्का, रिवाज चुकला, तरी पोरीचं मन तुला पोचलं ना? मग तुझं वाक्य चुकलं, तर तुझं मन तिला पोचणार नाही, असं का धरून बसलीस? नियम खोटे नाहीत गं, मी जन्मभर तेच शिकवले. पण ते आत येऊन, राहता राहता अंगवळणी पडतात. तू मात्र इंग्रजीच्या उंबरठ्यावरच उभी राहिलीस, उजवा पाय टाकू की डावा म्हणत. आणि आत ती पोर एकटी वाट बघतेय.”

अक्कांनी माप देवापाशी ठेवले, सुनेचा हात धरला आणि धाडकन म्हणाल्या, “यू... डॉटर माय. कम. ईट.”

इबानला हुंदका आवरेना. ती भरभर काहीतरी बोलली. सुहास म्हणाला, “आई, ती म्हणते, तू फोनवर बोलायची नाहीस, म्हणून तिला वाटलं, ती तुला नकोशी आहे.”

“अगं माझे बाई! नकोशी कसली! मी इकडं ‘अ’ लावू की ‘द’ लावू करत बसले होते!” अक्का रडता रडता हसू लागल्या.

“थांब, तिला इंग्रजीत सांगतो,” सुहास म्हणाला.

“तू गप रे,” अक्का म्हणाल्या. “माझं मी सांगते.”

आणि त्यांनी सांगितले. कसल्या इंग्रजीत, ते विचारू नका. इबान पोट धरधरून हसली, आणि दोघी पानावर बसल्या.