उस्तादांचा शेवाळलेला दगड

“उस्तादांनी भिंत सोडली. आता काही ते परत चढायचे नाहीत, कारण…” दोन शेळ्या चरता चरता एवढं बोलल्या आणि करवंदीच्या जाळीमागे गेल्या. फांदीवरच्या साळुंकीला पुढचं काही ऐकू आलं नाही. अर्धी बातमी म्हणजे घशात अडकलेला दाणा; धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही.

मुलांनो, त्या जंगलाच्या कडेला एक जुनी दगडी मशीद होती. माणसं केव्हाच गाव सोडून गेली होती, पण अंगणातला पाण्याचा हौज भरलेला असे. तिथल्या भिंतीवर एक कोंबडा राहत असे. झुंजुमुंजू व्हायच्या आत तो साऱ्या जंगलाला फजरच्या नमाजेसाठी हाक देई, पिल्लांना चार चांगल्या गोष्टी शिकवी, म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. हौजाच्या काठावर ज्याचा त्याचा दगड ठरलेला होता. त्यावर उभं राहून वजू करायचा, हातपाय धुवायचे, मग नमाजेला जायचं. उशिरा येणाऱ्याची मात्र खैर नसे. उस्ताद भिंतीवरून त्याला सगळ्यांदेखत झाडून काढत. गाढव तर रोज बोलणी खाई.

साळुंकीला घोर लागला. उद्यापासून रमजान, आणि तिच्या पिल्लांचा पहिलाच रोजा. रमजानात उस्ताद फजरच्याही आधी सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या जेवणाला, हाक देत. ती आली नाही, तर पिल्लांना उठवणार कोण? आणि सहरीचा घास चुकला, तर इवल्या जिवांनी दिवस काढायचा कसा? ती मेंढीकडे गेली. मेंढी म्हणाली, त्यांचा आवाज बसलाय म्हणे. कोल्ह्याने सांगितलं, त्यांना मोठ्या जंगलातून बोलावणं आलंय. साळुंकीने मेंढीचं कोल्ह्याला सांगितलं आणि कोल्ह्याचं मेंढीला, आणि स्वतःच गोंधळून बसली. आवाज बसलेल्याला मोठं जंगल बोलावील कशाला? शेवटी ती उडाली ती थेट हौजावरच उतरली.

तिथे कोंबडा वाळक्या घोसाळ्याने आपला दगड घासत होता. शेपूट भिजून खाली लोंबत होतं. शेजारी गाढव शांतपणे उभं होतं.

“उस्ताद, खरं काय ते सांगा. माझी पिल्लं लहान आहेत,” साळुंकी म्हणाली.

कोंबड्याने सांगितलं ते असं. सकाळी पिल्लांना वजू शिकवायला तो खाली उतरला, आपल्या दगडावर पाय ठेवला आणि सटकन पाण्यात गेला. सगळ्यांचे दगड रोजच्या वापराने स्वच्छ होते. शेवाळ तेवढं त्याच्याच दगडावर. आपण त्यावर शेवटचं कधी उभे राहिलो, ते काही त्याला आठवेना. पहाटे हाक द्यायची, उशिरा आलेल्यांना बोलायचं, आलेल्यांकडून कौतुक ऐकायचं, तोवर ऊन वर येई. सगळ्यांना उठवतो, माझी इबादत त्यातच आली, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. तो पडला तेव्हा शेळ्या हसल्या. गाढव हसलं नाही. ते एवढंच म्हणालं, “उस्ताद, माझ्या दगडावर या. तिथे शेवाळ नाही.”

“साळुंकी खाला, मावशी, पाण्यापेक्षा ते बोलणं जास्त झोंबलं,” कोंबडा म्हणाला. “ज्याला रोज आळशी म्हटलं, त्याच्याच दगडावर उभं राहून मी वजू केला. मग त्याची माफी मागितली.”

“म्हणजे भिंत सुटली, हे खरंच?”

“भिंत सुटली. तिथून मला सगळ्यांचे दगड दिसायचे, माझा तेवढा दिसायचा नाही. आता आधी पाय ओले करीन, मग इथूनच हाक देईन.”

“इथून आमच्या झाडापर्यंत पोचेल का?”

कोंबड्याने घोसाळं पुन्हा दगडावर फिरवलं. “ते मला माहीत नाही, खाला,” तो म्हणाला.

साळुंकी घरी परतली. पहाटे सहरीची हाक आली, पण खालच्या सुरात, झाडाच्या बुंध्याशीच विरून गेलेली. तिचा जीव खाली-वर झाला. तेवढ्यात हौजावरून गाढवाने आपला भसाडा सूर लावला आणि सारं रान जागं झालं. पिल्लं तर लगेच उठून चोच उघडून बसली.

सहरी उरकल्यावर साळुंकी शेळ्यांकडे गेली आणि म्हणाली, “तुमची बातमी मी निम्मीच ऐकली होती गं. उस्तादांनी भिंत सोडली, हाक नाही सोडली.”

तात्पर्य : इतरांना अल्लाहच्या वाटेवर बोलावणाऱ्याने रोज आपला दगडही घासावा; दुसऱ्याला जागं केलं म्हणून स्वतःची नमाज माफ होत नाही.