चाळीस कड्या

खैरीचं कुणी खरं मानलं नाही. तिनं तीनदा सांगितलं, घसा फोडून सांगितलं, आणि तीनही वेळा तिच्या गळ्याकडे बघून सगळ्यांनी मान फिरवली. गळ्यात घंटा नव्हती ना.

त्या मुलखात शहाणपण गळ्यात बांधलेलं असे. ज्याच्या गळ्यात घंटा, त्यानं पुढं चालायचं, बाकीच्यांनी आवाजामागं. घंटा मिळे टेकडीवरच्या घंटापीठात, आणि ती अडकवायला चाळीस कड्यांची साखळी लागे. एक विषय शिकला की एक कडी. त्यासाठी चार वर्षं टेकडीवर जाऊन राहायचं आणि दर वर्षी अंगावरची सगळी लोकर द्यायची. दाट लोकरीच्या मेंढ्यांना ते जमे. खैरी शेळी होती. शेळीच्या अंगावर लोकर कुठून येणार? हा नियम करणाऱ्यांना एवढं माहीत नव्हतं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

खैरी बारा पावसाळे कळप नदीपार नेत होती, बिनघंटेची. आधी एक पाय पाण्यात घालायची, उभी राहायची आणि वरच्या अंगाला बघायची. काड्या, पालापाचोळा आणि पिवळा फेस वाहत आला की मागं सरायची. म्हणजे वर कुठंतरी लोंढा सुटलाय आणि घटकाभरात इथं पोचणार. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची आई त्याच पाण्यात गेली, त्या दिवशी तिनं काठावरून ते पाहिलं होतं. त्यानंतर बारा पावसाळ्यांत एक करडूसुद्धा वाहून गेलं नाही.

मग टेकडीवरून फर्मान आलं. बिनघंटेच्या जनावरानं कळपापुढं चालायचं नाही. मागं राहावं, लंगड्यांना ढकलावं. आणि पुढच्यांना कोवळा पाला मिळे, मागच्यांना तुडवलेला. खैरीची लेक चितळी अजून अंगावर पीत होती. तुडवलेल्या पाल्यावर खैरीचं दूध आटायला लागलं.

"आता काय करशील गं?" ढवळी मेंढी म्हणाली. ती शेजारीण, तोंडानं तिखट, मनानं बरी.

"घंटा आणीन."

"ह्या वयात? तुझी दाढी पिकली की."

"पिकू दे. दाढीला नाही बांधत घंटा."

पल्याडच्या डोंगरावर एका म्हाताऱ्या वानरानं हाक-शाळा काढली होती. वानर तिकडून धडा ओरडून सांगे आणि हाक दरीतून घुमत घरोघर पोचे. ऐकणाऱ्यांनी उत्तर उलटं ओरडायचं, बरोबर आलं तर कडी वर्षाला एकदा घोरपडीच्या पाठीवरून पोचती होई. एका कडीला पाल्याची एक पेंढी. कुठं जायला नको, कुणाच्या दारात बसायला नको. पिलाला पाजता पाजता शिका.

सोपं नव्हतं ते. वारा फिरला की अर्धी हाक गायब. मग खैरी खडकाच्या टोकावर चढून मान बाहेर काढून उभी राही, पुढचे दोन पाय अधांतरी. पावसात तर धड्यातलं एक अक्षर पोचत नसे. तरी तिनं सोडलं नाही. गवताची ओळख, खुरांची निगा, लांडग्याचा वास, कळपाची मोजणी. "नदी ओलांडणे" ही कडी तिला सगळ्यांत लवकर मिळाली. वानर प्रश्न विचारायला लागला आणि दोन प्रश्नांतच थांबला. मग म्हणाला, "बाई, हा धडा पुढच्या खेपेला तुम्हीच सांगा."

सहा वर्षं लागली. स्वतःच्या तोंडातली पेंढी काढून तिनं चाळीस कड्या केल्या. चितळी तोवर मोठी झाली होती आणि तिलाही घंटेचं वेड लागलं होतं. साखळी तोंडात धरून खैरी टेकडी चढली.

घंटापीठाच्या दारात सायाळ बसे. अंगभर काटे, त्यातला एक कानामागं खोचलेला, तो लिहिण्यासाठी.

"कुठल्या कड्या?" त्यानं विचारलं.

"पल्याडच्या. हाक-शाळेच्या."

"अच्छा. घरबसल्याच्या." सायाळानं साखळी काट्याच्या टोकानं उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "ह्यातल्या नऊ चालतील."

"आणि एकतीस?"

"आमच्या आकड्याला बसत नाहीत."

"लावून तर बघा, साहेब."

"लावून बघायची पद्धत नाही."

"अहो, समोर आकडा लटकतोय, हातात कडी आहे. लावायला कितीसा वेळ लागतो?"

"बाई, सगळेच लावून बघायला लागले तर आम्ही इथं कशाला बसलोय?"

हे मात्र तो खरं बोलला.

नऊमध्ये गवताची ओळख होती, खुरांची निगा होती. नदी नव्हती. "नदी ओलांडणे" टेकडीवरच शिकावं लागे. खैरीनं आत डोकावून पाहिलं. फरसबंद अंगणात चुन्याच्या दोन रेघा मारलेल्या होत्या आणि दाट लोकरीचे तरणे एडके एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर उड्या मारत होते. टेकडीवर पाणी घड्यातून येई.

"ही नदी?" खैरीनं विचारलं.

"नदीचं तत्त्व," सायाळ म्हणाला. "पुढचा."

खैरी नऊ कड्या गळ्यात घालून खाली आली. नऊ कड्यांना घंटा लागत नाही. नुसत्या वाजतात.

ढवळीनं विचारलं, "काय झालं गं?" बांधावरच्या करवंदीच्या जाळीला खैरीनं अशी धडक मारली की शिंगात काटे रुतले, आणि ढवळी ते काढत बसली. तिच्यासारखीनं गप्प बसणं म्हणजे पुष्कळ झालं.

त्याच पावसाळ्यात टेकडीवरून भुरा आला. तरणाताठा एडका, चाळीसच्या चाळीस कड्या चकचकीत आणि खाली पितळी घंटा. चालला की सगळा कळप माना वर करी. नदीकाठी पोचले तेव्हा ऊन होतं, पाणी गुडघ्याएवढं आणि नितळ. खैरी शेपटाला होती. कळप थांबला म्हणून ती बाजूनं पुढं आली आणि तिला काड्या दिसल्या. काड्या, मग पालापाचोळा, मग फेस.

"थांबा! वर लोंढा सुटलाय!"

भुरानं मागं बघितलं. "मावशी, आभाळ बघा. ढग तरी आहे का एक?"

"आभाळाचं काय घेऊन बसलाय, पाणी बघा! तो फेस बघा!"

"हे कुठल्या कडीत आहे?" भुरानं अगदी मनापासून विचारलं. त्याला शिकवलंच नव्हतं, तो तरी काय करणार. कळपात कुणीतरी खिदळलं, "नऊ कड्यांची पंडितीण!" आणि हसू पसरलं.

"माझं ऐका रे. मी बारा पावसाळे..."

"मावशी, रेषा सोडू नका. मागं जा." आणि भुरानं, शिकवलं होतं तशी, पहिल्या काठावरून ऐटीत उडी मारली. घंटा वाजली. घंटा वाजली की मेंढरं विचार करत नाहीत. पुढचीच्या शेपटाला नाक लावून एकामागून एक पाण्यात शिरली. खैरी काठावरून तिसऱ्यांदा ओरडली, नावं घेऊन ओरडली. चितळी थांबली, तिच्या मागच्या दहाबारा थांबल्या. ढवळी चढत्या पाण्यात पोटापर्यंत गेली होती. तिनं वळून पाहिलं, पण मागून रेटा होता.

लोंढा आला तेव्हा घंटा वाजतच होती. पाण्याखाली जाईपर्यंत वाजत होती, आणि मेंढरं त्या आवाजामागंच गेली.

सत्तावीस जीव. भुरा धरून. ढवळी धरून.

टेकडीवरून चौकशी आली. सायाळ काठावर बसला, काटा भिजवला आणि लिहायला लागला. भुराच्या कड्या किती? चाळीस. सगळ्या घंटापीठाच्या? सगळ्या. मग त्याची चूक होणं शक्य नव्हतं. कळप रेषेत होता का? होता. मग रेषा कधी मोडली? कुणीतरी मागून ओरडलं तेव्हा. कोण ओरडलं? तिला ओरडायचा अधिकार होता का? गळ्यात काय होतं?

"मी ओरडले म्हणून ह्या बारा जणी जिवंत आहेत," खैरी म्हणाली. "विचारा त्यांना. उभ्या आहेत समोर."

सायाळानं बारा जणींकडे बघितलं. बारा जणींनी एकमेकींच्या गळ्यांकडे बघितलं. एकीच्याही गळ्यात काही नव्हतं, म्हणून कुणाचीच साक्ष झाली नाही.

वानराची हाक-शाळा त्याच महिन्यात बंद केली. अर्धवट शिकवून जनावरं बिघडवतात, असं कारण दिलं. आणि पुढच्या पौर्णिमेपासून टेकडीवरून घंटापीठाची स्वतःची हाक सुरू झाली. घरबसल्या, पाल्याच्या तीन पेंढ्यांत एक कडी, आणि ह्या कड्या आकड्याला बसतील अशी हमी. अख्खी दरी खडकाखडकावर माना बाहेर काढून उभी राहिली. चितळीही राहिली. खैरी तिच्यामागं, तिचं शेपूट दातांत धरून, पाय घसरला तर म्हणून.

पहिलीच कडी "नदी ओलांडणे". धडा छोटा होता. दोन रेघा, एक उडी. मग प्रश्न आला, एकच, आणि त्याचं बरोबर उत्तरही एकच: नदीवर सत्तावीस जीव गेले, ते कुणामुळं?

दरीतून उत्तरं घुमायला लागली. चितळीनं मान वळवली. "आई, काय सांगू?"

खैरीनं शेपूट सोडलं नाही. दातांतूनच म्हणाली, "त्यांना पाहिजे ते सांग. कडी घे."

चितळीनं आजवर आईला कधी नावानं हाक मारली नव्हती. तिनं छाती भरून श्वास घेतला, टेकडीकडे तोंड केलं आणि ओरडली:

"खैरी!"