एकवेळची घटना

"मग हा काळा पट्टा कशाचा?" भन्तेंनी विचारलं.

प्रसेनजित जरा हिरमुसला. इतका वेळ तो निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या रंगांबद्दल बोलत होता, आणि म्हाताऱ्याने बोट ठेवलं ते नेमकं सगळ्यांत किरकोळ रंगावर.

"तो काही नाही, भन्ते. तो सोडा."

"सोडला," भन्ते म्हणाले. "कशाचा आहे?"

भन्ते धम्मसार चीवर घेण्याआधी मेश्राम सर होते. वसतिगृहाच्या शाळेत गणित शिकवायचे. प्रसेनजित रामटेकेच्या डोक्यात अपूर्णांक शिरले ते त्यांच्यामुळेच, आणि त्यासाठी दोघांनीही बराच घाम गाळला होता.

आता तोच प्रसेनजित नागपुरात एका औषध कंपनीत होता. माल कशामुळे खपला ते शोधायचं, हे त्याचं काम. जाहिरातीमुळे किती, सवलतीमुळे किती, दुकानदारांना दिलेल्या भेटींमुळे किती, असे विक्रीचे वाटे पाडून रंगांच्या थरांत दाखवायचे. उद्या अकरा वाजता संचालकांपुढे त्याचं सादरीकरण होतं. ते जमलं की विभागाचा प्रमुख तोच होणार, हे जवळपास ठरलेलं होतं.

गावाबाहेरच्या या विहारात तो मंगलकामना घ्यायला आला होता, असं त्याचं म्हणणं. खरं तर तो मिरवायला आला होता. त्यात वाईट काही नाही. ज्याने पाढे घोकून घेतले त्याच्यापुढे मिरवायचं नाही, तर कुणापुढे मिरवायचं?

सतरंजीवर बसून त्याने लॅपटॉप भन्तेंकडे वळवला होता. तक्ता जलसंजीवनीच्या पुड्यांचा होता. जुलाब-उलट्या झाल्यावर पाण्यात घालून पाजतात, त्या पुड्या.

"खालचा करडा थर म्हणजे मूळ विक्री," त्याने पुन्हा समजावलं. "आपण काहीच केलं नसतं तरी झाली असती, ती. तिच्यावर हे बाकीचे रंग. आणि ही ठिपक्यांची रेघ म्हणजे प्रत्यक्षात झालेली विक्री. रंगांचा ढीग आणि ही रेघ, दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले म्हणजे आपल्याला सगळं कळलं."

"जुळले आहेत."

"अगदी तंतोतंत." त्याला हसू आवरलं नाही.

"काळा पट्टा काढला तर?"

"तर तिथं जुळत नाहीत. म्हणून तर तो घातला." प्रसेनजितने मान तिरकी केली. "त्याचं असं आहे, भन्ते. मागच्या उन्हाळ्यात एका तालुक्यात विक्री एकदम उसळली. जाहिरात नव्हती. सवलत नव्हती. गणितात बसेना, आणि तिच्यामुळे बाकीचे आकडेही बिघडायला लागले. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. तेवढ्या आठवड्यांना वेगळा रंग द्यायचा आणि नाव द्यायचं, एकवेळची घटना. मग बाकीचा हिशेब सरळ होतो."

"तालुका कुठला?"

"पिपरडोल."

भन्तेंची नजर दाराकडे गेली.

सभागृहात सतरंज्या झटकल्याचा आवाज आला. आज दुपारी तिथं कुणाच्या तरी स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन होतं. माणसं जमायला लागली होती.

"आणि हा?" भन्तेंचं बोट तक्त्यावरून सरकत उजव्या टोकाला गेलं. तिथं काळा रंग पुन्हा सुरू झाला होता. पातळच होता, पण वर चढत होता.

"तो आत्ताचा. खैरमोडी तालुका. एक-दोन आठवडेच झालेत."

"त्याचं नाव काय?"

"तेच. एकवेळची घटना."

"दोनदा झाली तरी?"

प्रसेनजित हसला. सरांची खोड जुनीच होती. उत्तर बरोबर आलं तरी रीत विचारायचे.

"नाव बदलता येईल," तो म्हणाला. "पण उद्याची खरी गंमत इथंच आहे, भन्ते. बघा ना, खैरमोडीत लोक सवलत नसतानाही पुड्या घेतायत. म्हणजे सवलत देऊन आपण उगीच पदरमोड करतो. मी सुचवलंय की असा रंग दिसला की त्या तालुक्यातली सवलत ताबडतोब बंद करायची. संचालक खूश होतील."

भन्तेंनी त्याच्याकडे पाहिलं. वर्गात फळ्यावरचं उत्तर चुकलं की ते असंच पाहायचे, आणि मग स्वतः न पुसता डस्टर त्या मुलाच्या हातात द्यायचे.

त्यांनी सभागृहाच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "वनमालाताई, जरा इकडे या."

एक बाई आत आली. पांढरं लुगडं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. वय फार नव्हतं. तिने भन्तेंना पंचांग वंदन केलं, प्रसेनजितला जयभीम घातला आणि भिंतीला धरून बसली.

"या वनमाला गजभिये," भन्ते म्हणाले. "पिपरडोलच्या. आज यांच्या मुलीचा स्मृतिदिन आहे." मग ते प्रसेनजितकडे वळले. "यांना तो काळा पट्टा समजावून सांग."

"भन्ते..."

"मला सांगितलास तसाच."

प्रसेनजितने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मग त्याने सुरुवात केली. कुणालाही समजावून सांगता येतं याचा त्याला अभिमान होता, आणि सवय माणसाला बराच वेळ पुढे ढकलत नेते. "ताई, हा तक्ता पुड्यांच्या विक्रीचा आहे. जलसंजीवनीच्या. हा खालचा रंग म्हणजे नेहमीची विक्री. आणि हा काळा..."

"पुड्या म्याबी आनल्या होत्या," ती म्हणाली. "गावच्या दुकानातल्या सरल्या तं तालुक्याले गेली. तिथंबी गर्दी होती."

"हो."

"मंग त्या याच्यात हायेत का?"

"...हो. याच्यातच आहेत."

ती पुढे सरकली. पडद्याला हात न लावता तिने काळ्या पट्ट्यावर बोट धरलं. तो जिथं सुरू होत होता तिथून ते हळूहळू वर नेलं आणि सगळ्यांत उंच जागी थांबवलं. असा तक्ता तिने आधी कधी पाहिला नसावा. पण वर चढणारी गोष्ट कुणालाही दिसते.

"हे तुमाले कवा समजलं?"

"आकडे दर सोमवारी येतात."

"मंग इथलं त्या सोमवारीच समजलं." तिने बोट परत खाली आणलं. पट्टा जिथं नुकताच उगवत होता, तिथं.

प्रसेनजितला तो सोमवार आठवला. अशा दिवसात लक्षात राहावं असं काही नसतं, तरी आठवला. रेघ जुळत नाही म्हणून तो वैतागला होता. मग काळा रंग भरला, रेघ जुळली, आणि तो मित्रांबरोबर खाली चहाला गेला. चहा घेताना त्याला फार बरं वाटलं होतं.

"हो," तो म्हणाला.

"तवा आमच्या गल्लीत कोनालेच काई नव्हतं," वनमाला म्हणाली. ती रडत नव्हती. नीट आठवून सांगत होती, जसं कुणी डॉक्टरला सांगतं. "लागन तिकडं होती, बाजाराकडं. समीक्षा आंगनात खेयत होती. आमच्याकडं हप्त्याभरानं आली. नाल्याचं पानी नळात घुसलं होतं, थे मागाहून सांगतलं साहेबानं. तवरिक आमी तेच पाजत होतो. पुडीबी त्याच पान्यात कालवली म्या..."

"कोनी सांगतलं असतं तं उकयून पाजलं असतं," ती म्हणाली. "उकयाले काय लागते?"

प्रसेनजितने मान खाली घातली. त्याला लाज वाटली. साधी लाज नव्हे. आपण इथून उठून जावं आणि पुन्हा कुणाच्या नजरेला पडू नये, अशी. त्याला वाटलं ती आता शिव्या देईल, आणि तिने द्याव्यात असंही वाटलं.

तिने शिव्या दिल्या नाहीत. पदर सारखा केला आणि भन्तेंना विचारलं, "जाऊ मी? पावने आले."

"या ताई. मी येतोच."

ती गेली. तक्ता तसाच उघडा होता. निळा, हिरवा, पिवळा. सगळे रंग आपापल्या जागी होते आणि ठिपक्यांची रेघ त्यांना तंतोतंत चिकटून होती.

"भन्ते, मला माहीत नव्हतं," प्रसेनजित म्हणाला.

"काय?"

"की तिथं माणसं आजारी..."

"जुलाबाची पुडी माणूस कशाला घेतो?"

याचं उत्तर प्रसेनजितला शाळेत जाण्याआधीपासून येत होतं. आईने त्याला कितीदा पाजली होती.

जाहिरात, सवलत, भेटी, दुकानं. विक्री वाढण्याची सगळी कारणं त्याने मांडली होती. आजार हे कारण त्याच्या यादीत नव्हतंच, कारण आजार कंपनीच्या हातात नव्हता. जे आपण केलं नाही ते मोजायचं नाही, असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या विभागात सगळे तसंच करायचे, म्हणून तोही करायचा.

"खैरमोडीत..." तो म्हणाला, आणि त्याचं बोट तक्त्याच्या उजव्या टोकाला गेलं.

"खैरमोडीत आत्ता तेच चाललंय, भन्ते."

"तुझा तक्ता तसं म्हणतो."

"तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवायला हवं."

"हं."

प्रसेनजितने खिशातून फोन काढला. पाहिला. मग मांडीवर पालथा ठेवला.

"अडचण अशी आहे," तो सावकाश म्हणाला, "की हे आकडे कंपनीचे आहेत. बाहेर देता येत नाहीत. तशी सही आहे माझी. परस्पर कळवलं आणि उद्या संचालकांच्या कानावर गेलं, तर पद राहू द्या, नोकरीही जाईल. घरी आई आहे. बहिणीचं शिक्षण माझ्यावर आहे. तुम्हाला माहीतच आहे सगळं."

"माहीत आहे."

"मी कळवणार नाही असं नाही म्हणत, भन्ते. कळवणारच आहे. आधी त्यांच्यापुढे मांडतो. सवलत बंद करायचं मी आजच काढून टाकतो. काळ्या रंगाला खरं नाव देतो. मग त्यांच्या परवानगीने रीतसर कळवतो. म्हणजे कुणाचंच नुकसान नाही." बोलता बोलता त्याच्या आवाजात जीव आला. मार्ग सापडला की त्याला नेहमी असं व्हायचं. "अकराला सादरीकरण आहे. फार तर बारा वाजतील. बाहेर आलो की पहिला फोन तोच. उद्या दुपारी बारा, म्हणजे काही उशीर नाही. बरोबर ना?"

सभागृहात माणसं स्थिर झाली होती. कुणीतरी मेणबत्ती लावली. एक लहान मूल काहीतरी मागत होतं आणि त्याला गप्प केलं जात होतं.

भन्ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. चीवर खांद्यावर नीट घेतलं आणि दाराकडे चालायला लागले.

"भन्ते," प्रसेनजित मागून म्हणाला, "बरोबर ना?"

भन्ते उंबऱ्यापाशी थांबले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"खैरमोडीत नळाला पाणी सकाळी सोडतात."