आडदऱ्याचा विस्तव

मुलांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. आपल्या चुलीत विस्तव आहे आणि दारात कुणी तो मागायला उभं आहे, तर 'नाही' म्हणावं का? लगेच बोलू नका. पांघरूण नीट घ्या. गोष्ट ऐका, मग ठरवा.

फार मागे आडदरे नावाचं एक गाव होतं. गावाची देवी कडजाई. पण तिचं देऊळ गावात नव्हतं, बरं का. गावामागे एकापुढे एक तीन डोंगर उभे होते. पहिला शेंडी, दुसरा पालथा घडा, तिसरा मोडका दात. तिन्ही नुसत्या कातळाचे. त्या तिघांच्या पलीकडे देवी बसली होती आणि तिच्यापुढची धुनी कधी विझत नसे.

वर्षातून एकदा, पौषाच्या थंडीत, गावाने सगळ्या चुली विझवायच्या आणि कडजाईच्या धुनीतला विस्तव आणून त्या पुन्हा पेटवायच्या, असा नेम होता. दोघांनी पहाटे निघायचं, सूर्य बुडायच्या आत परतायचं. एकाचा विझला तर दुसऱ्याचा असावा, म्हणून दोघं. वेळ टळली तर ती रात्र गावाने थंड चुलीनेच काढायची.

त्या वर्षी देवीने कौल दिला रंभाजीला आणि सगुणेला. रंभाजी हा पाटलाचा धाकटा भाऊ. अंगाने दणकट, पण मानाचा भुकेला. जो विस्तव आणी, त्याला उत्सवात पहिलं पान वाढत. ते पान दोघांत वाटून घ्यावं लागणार, हेच त्याला सलत होतं.

सगुणेला पानाची पर्वा नव्हती. तिच्या जिवाला दुसराच घोर होता. गावातली शेवटची चूल विझली आणि तिची धाकटी बहीण भागू दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी झाली. मूठभर जीव. सुईण आवडाबाई म्हणाली, "सगुणे, पोर गार पडते आहे. दिवसभर मी तिला छातीशी धरीन. रात्र मात्र बाजेखाली शेगडी नसेल तर निघायची नाही."

सगुणेने मडकं उचललं आणि ती निघाली.

शेंडीचा कडा भिंतीसारखा उभा होता. त्याला बांबूची एक शिडी टेकवलेली असे. तिच्यावरून दोघं चढली. मग पालथा घडा आला. त्याची पाठ गोल आणि गुळगुळीत. पाय ठरेना, वारा उभं राहू देईना. मग मोडका दात आला. त्याच्या धारेवर एक पाऊल मावेल एवढीच वाट आणि दोन्ही अंगांना दरी.

रंभाजी पुढून म्हणाला, "सगुणे, कौल देताना देवीचा डोळा लागला असावा."

"लागला असेल, दादा," सगुणा म्हणाली. "त्याशिवाय का आपल्या दोघांना एका वाटेला लावलं?"

दुपारी दोघं देवळात पोचली. गुरवाने दोघांच्या मडक्यांत गोवरीची राख पसरली, त्यावर तीन तीन निखारे ठेवले आणि सांगितलं, "हा विस्तव देवीचा आहे, तुमचा नव्हे. वाटेत जो मागेल त्याला द्यायचा. असताना 'नाही' म्हणू नका. ती ऐकते."

दोघांनी नमस्कार केला. मग परत फिरली.

मोडक्या दाताच्या कपारीत एक म्हातारा धनगर बसला होता. ओठ निळे पडलेले, बोटं वळत नव्हती. तो म्हणाला, "बाळांनो, वाऱ्याने माझी शेकोटी नेली. थोडा विस्तव द्या."

रंभाजी न थांबता म्हणाला, "बाबा, आमच्याकडे राख आहे. विस्तव नाही."

सगुणा थांबली. मडक्यात तीन निखारे होते. एक तिने म्हाताऱ्याच्या पाचोळ्यावर ठेवला, फुंकर घातली आणि जाळ झालेला पाहून मगच उठली. तेवढ्यात सूर्य हातभर खाली आला होता.

मग पालथा घडा आला. माथ्यावर खडकाला एक भेग होती. सगुणेने तिथे रंभाजीला गाठलं, तोच भेगेतून एक हात बाहेर आला. माणसाचा नव्हे, बरं का. त्यावर शेवाळ होतं आणि नखं गारगोटीची होती. आतून आवाज आला, "मी फार दिवसांचा गारठलो आहे. विस्तव द्या."

रंभाजी दोन पावलं मागे सरला. जीभ मात्र अडखळली नाही. "नाही विस्तव," तो म्हणाला. "नुसती राख आहे." आणि तो पळाला.

सगुणेलाही पळावंसं वाटलं. पण मागणारा मागत होता आणि मडक्यात विस्तव होता. तिने मनात देवीचं नाव घेतलं आणि दुसरा निखारा त्या दगडी तळव्यावर ठेवला. बोटं हलकेच मिटली. हात आत गेला.

आता एकच निखारा उरला. सगुणा चालू लागली. पायांना भेगा पडल्या होत्या, घशाला कोरड होती. डोळ्यांसमोर भागूची पोर होती.

शेंडीवर रंभाजी वाट अडवून बसलेला दिसला. मडकं त्याच्या मांडीवर होतं. आत राख होती, नुसती राख. दोनदा तो जे बोलला, तेच खरं झालं होतं.

"सगुणे," तो खाली मान घालून म्हणाला, "विस्तव दे."

सगुणेने मडक्यात पाहिलं. मग म्हणाली, "दादा, एकच उरला आहे. तो पोरीच्या शेगडीचा आहे."

"मी मागतो आहे ना? असताना नाही म्हणशील?"

तिने निखारा काढला. दगडावर ठेवून त्याचे दोन तुकडे केले. मोठा त्याला दिला, बोराएवढा आपल्याकडे ठेवला. "आता जोडीनेच उतरू," ती म्हणाली.

रंभाजी आधी शिडीवरून उतरला. खाली पोचला. मग त्याने वर पाहिलं आणि शिडी ओढून दरीत लोटली.

सगुणा कड्यावर एकटी राहिली. समोर सूर्य डोंगराला टेकत होता. ओरडून कुणी ऐकणार नव्हतं. कड्याच्या बाजूला एक अरुंद घळ होती, पाणी उतरून झिजलेली. तिने मडक्याची दोरी दातांत धरली. पाठ एका भिंतीला लावली, पाय दुसऱ्या भिंतीला रोवले आणि इंच इंच खाली सरकू लागली. लुगडं फाटलं, पाठ सोलली. एकदा पाय सुटला आणि खडा खाली गेला. तो पडल्याचा आवाज फार उशिरा आला. तिने दोरी सोडली नाही.

ती गावात शिरली तेव्हा सूर्याची कड तेवढी उरली होती. सारा गाव पारापाशी गोळा झाला होता. पाटलाच्या शेजारी रंभाजी छाती काढून उभा होता. पुढ्यात त्याचं मडकं आणि आत लालबुंद निखारा. पोर भागूच्या कुशीत ठेवून आलेली आवडाबाई त्यावर गवताची काडी धरून फुंकत होती. काडी पेटत नव्हती. तिने निखाऱ्याला बोट लावलं आणि दचकून मागे घेतलं. "हा तर गार आहे," ती म्हणाली. "लाल दिसतो, पण याला ऊब नाही."

"तू म्हणालास सगुणेचा विस्तव विझला, ती वरच बसली," पाटील भावाला म्हणाला. "मग ही कोण आली?"

सगुणा थेट भागूच्या घरात शिरली. तिने बोराएवढा निखारा शेगडीत ठेवला आणि फुंकर घातली. कोळसे धरले. सूर्य बुडाला. शेगडी बाजेखाली सरकली. सारा गाव दाराशी थांबला. मग पोर रडली, चांगली खणखणीत रडली. त्या शेगडीतून गावातल्या सगळ्या चुली पेटल्या. भागू सुखी झाली, पोर वाढली, गाव नांदला.

आता डोळे मिटा. रंभाजीला कुणी मारलं नाही, गावाबाहेर काढलं नाही. शिक्षा देवीने दिली, तेवढी ऐका आणि झोपा. त्या दिवसापासून त्याच्या चुलीत जाळ दिसे, पण भाकरी भाजत नसे. शेकोटीशी बसला तरी त्याचं अंग गार राही. रोज सकाळी तो विस्तव मागत घरोघर फिरे. नेम होता, म्हणून कुणी त्याला नाही म्हटलं नाही. सगुणेनेही नाही. प्रत्येकाने दिला, आणि मरेपर्यंत रोज तो त्याच्या उंबऱ्यावर येऊन थंड झाला.