घाटावरचे घर, समुद्राकाठी

समुद्राकाठच्या एका गावात रामलिंगशेठ नावाचा मिरचीचा व्यापारी येऊन राहिला. तो मूळचा घाटावरचा. धंद्यात जम बसला, तेव्हा त्याने किनाऱ्यालगत घर बांधायला काढले. घर कसे असावे, हे त्याने कोणालाच विचारले नाही. त्याच्या डोक्यात वडिलांचे घाटावरचे घर पक्के बसले होते. जाड भिंती, मातीचे सपाट धाबे आणि थंडी आत येऊ नये म्हणून टीचभर खिडक्या.

पाया खणताना त्याची बायको निलावती म्हणाली, "अहो, इथे थंडी आहे कुठे?"

"थंडी नसेल, पण इभ्रत आहे ना! गावाकडची माणसं बघायला येतील."

भिंती छातीपर्यंत आल्या, तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "निदान समुद्राकडे एक मोठी खिडकी ठेवा."

"आमच्याकडे कोणी ठेवत नाही."

"तुमच्याकडे समुद्रही कोणी ठेवत नाही!"

शेठ हसला आणि गवंड्याला म्हणाला, "चालू दे." निलावतीने कपाळावर हात मारला.

वास्तुशांतीला घाटावरचे पाहुणे आले. "अगदी आपल्याकडच्यासारखं घर!" असे म्हणत त्यांनी तोंडभरून कौतुक केले आणि जेवणाची पाने मात्र बाहेर माडांखाली मांडून घेतली. शेठला कौतुक तेवढे ऐकू आले.

चैत्र लागला. घर भट्टीसारखे तापले. बाहेर वारा भणाणत होता आणि आत दिव्याची वातसुद्धा हलत नव्हती. त्यांच्या तान्ह्या मुलीच्या, गोदीच्या अंगभर घामोळे उठले. ती दूध पिईना. रडून रडून तिचा आवाज बसला.

"भिंत फोडा," निलावती म्हणाली.

"ओला पडदा लावू," शेठ म्हणाला.

पडदा लावला. आता घर गरम होते आणि दमटही.

मग भर दुपारी मुलीला छातीशी धरून निलावती मागच्या गोठ्यात गेली. गोठा चारी बाजूंनी मोकळा, वर झावळ्यांचे उतरते छप्पर. एका कडेला म्हैस निवांत रवंथ करत होती. झोळी बांधताच गोदी झोपली.

थोड्या वेळाने घामाने निथळत शेठ उशी घेऊन आला. "जरा जागा आहे का?"

"म्हशीला विचारा. घर तिचं आहे."

शेठने झोळीत डोकावून पाहिले. मुलीचा श्वास संथ चालला होता. त्याने उशी तिथेच ठेवली, पहार उचलली आणि जाऊन समुद्राकडच्या भिंतीवर घाव घातला.

"अहो, हळू!" निलावती वैतागून ओरडली. "आत्ता कुठे झोपलीय ती!"

तात्पर्य: घर बघायला येणाऱ्यांसाठी नव्हे, तर त्यात राहणाऱ्यांसाठी बांधावे, आणि जिथे बांधायचे, तिथल्या वाऱ्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे.